ईपीपी आणि सीनेस इम्प्लांट: निदानापासून साठाव्या दिवसापर्यंत काय काय करायचं

उन्हात पाच-दहा मिनिटं गेलं की हाताच्या पाठीला, नाकाला, ओठांना मुंग्या येतात, मग खाज सुटते, मग आतून आग सुरू होते, आणि ती आग एकदा पेटली की दोन-तीन दिवस कुठल्याही गोळीने जात नाही, बाहेरून मात्र कातडीवर डॉक्टरला दाखवावं असं फारसं काही नसतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आजाराचं नाव एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया, सगळे ईपीपी म्हणतात, आणि त्यावरचं औषध म्हणजे अफामेलानोटाइड, जे सीनेस या नावाने तांदळाच्या दाण्यापेक्षा बऱ्याच लांब कांडीच्या रूपात कातडीखाली बसवतात.

माझ्या धाकट्या भावाला ईपीपी आहे, तो अमेरिकेत असतो आणि तिथे हे इम्प्लांट घेतो. मी डॉक्टर नाहीये, पण त्याच्या निमित्ताने कागदपत्रं, फोन, रिपोर्ट, अपॉइंटमेंट हे सगळं इतकं केलंय की नवीन माणसाला कुठून सुरुवात करायची ते क्रमाने सांगू शकते. मराठीत यावर जवळपास काहीच वाचायला मिळत नाही म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

आधी आजार नीट समजून घ्या, नाहीतर औषध समजणार नाही

आपल्या रक्तातला लाल रंग म्हणजे हीम, ते शरीरात आठ टप्प्यांत तयार होतं. शेवटच्या टप्प्यात प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रेणूत लोह घातलं जातं, आणि हे काम फेरोकेलाटेज नावाचं एन्झाइम करतं. ईपीपीमध्ये ते एन्झाइम कमी पडतं, त्यामुळे लोह न घातलेलं प्रोटोपॉर्फिरिन लाल पेशींमध्ये, प्लाझ्मात आणि लिव्हरमध्ये साठत राहतं. या रेणूचा स्वभाव असा की त्याच्यावर साधारण ४०० ते ४१० नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश पडला की तो चेकाळतो आणि आजूबाजूच्या पेशींना इजा करतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला हे होतं, म्हणूनच वरून काही दिसत नाही आणि आतून दुखण्याने जीव नकोसा होतो.

आता हा प्रकाश अल्ट्राव्हायोलेट नाही, डोळ्याला दिसणारा आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. तो खिडकीच्या काचेतून आरपार येतो, गाडीच्या काचेतून येतो, ढगाळ दिवशीही येतो, वाळूवरून, पाण्यावरून, बर्फावरून परावर्तित होऊन सावलीतही येतो. दुकानातलं नेहमीचं एसपीएफ ५० लावून काही उपयोग होत नाही कारण एसपीएफचा आकडा मुळात यूव्हीबीसाठी, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटच्या एका भागासाठी असतो. 'एवढं सनस्क्रीन लावलंय तरी कसं दुखतं' असं ज्याला कुणी विचारलं असेल त्याला हे उत्तर द्यायला उपयोगी पडेल.

१९६१ साली लंडनमध्ये मॅग्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार वेगळा म्हणून ओळखला. युरोपात साधारण ७५,००० ते २,००,००० माणसांत एक असं प्रमाण सांगतात. त्रास बहुतेकांना लहानपणीच सुरू होतो पण नाव कळायला दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त जातात, कारण पोर रडतंय आणि अंगावर काही दिसत नाही. आपल्याकडे तर सकाळचा परिपाठ मैदानात, पीटीचा तास मैदानात, पंधरा ऑगस्टची परेड उन्हात, आणि पोर मागे लपलं की नाटकी ठरतं. अशा मुलांच्या काही सवयी बघा, ती माठाला हात लावून बसतात, ओला टॉवेल गुंडाळतात, फरशीवर गाल टेकवून झोपतात, फॅनसमोर हात धरतात, कारण गारवा मिळाला की तेवढंच जरा बरं वाटतं. वरचेवर त्रास होऊन गेलेल्यांच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी जाडसर, मेणासारखी होते, नाकावर-ओठांच्या कडेला बारीक रेघा किंवा खळगे पडतात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हे सांधे मुद्दाम बघायला सांगा.

पायरी पहिली: निदान पक्कं करा, आणि योग्य तपासणीने करा

पॉर्फिरिया म्हटलं की बऱ्याच ठिकाणी लघवीची तपासणी लिहून देतात. ईपीपीमध्ये लघवीचा रिपोर्ट नॉर्मल येतो, कारण प्रोटोपॉर्फिरिन पाण्यात विरघळत नाही, ते पित्तातून बाहेर पडतं. म्हणजे लघवी नॉर्मल आली म्हणून 'तुम्हाला काही नाही' हे चूक आहे.

पाहिजे ती तपासणी रक्ताची, लाल पेशींमधलं एकूण प्रोटोपॉर्फिरिन, आणि त्यातलं किती झिंकला जोडलेलं आणि किती मोकळं हे वेगवेगळं मोजलेलं. ईपीपीमध्ये जवळजवळ सगळं मोकळं असतं, साधारण ८५ टक्क्यांच्या वर. याचाच एक भाऊबंद आजार आहे, एक्स-लिंक्ड प्रोटोपॉर्फिरिया, त्यात झिंकवाल्याचा हिस्सा बराच जास्त निघतो. काही लॅबमध्ये प्रोटोपॉर्फिरिन म्हटलं की फक्त झिंक प्रोटोपॉर्फिरिन करतात, ती शिशाच्या विषबाधेसाठीची टेस्ट आहे आणि तेवढ्यावरून ईपीपी निसटू शकतो. म्हणून सँपल द्यायच्या आधी लॅबला फोन करून 'मोकळं आणि झिंकचं वेगळं देता का' हे स्पष्ट विचारा. आणि ट्यूब रक्त काढल्या काढल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायला सांगा, उजेडात ठेवलेल्या सँपलचा रिपोर्ट भरवशाचा नसतो. फॉइल घरून घेऊन गेलात तरी चालेल, लाजू नका.

त्यानंतर जीन टेस्ट. बहुतेकांमध्ये एफईसीएच नावाच्या जीनमध्ये एका पालकाकडून आलेला मोठा दोष असतो आणि दुसऱ्या पालकाकडून त्याच जीनची जरा कमी काम करणारी, तशी बऱ्याच निरोगी लोकांत सापडणारी आवृत्ती आलेली असते. दोन्ही एकत्र आल्या की आजार. म्हणून आईबाप दोघंही ठणठणीत असतात आणि 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. भावंडांना हा आजार असण्याची शक्यता चारात एक, तेव्हा भावंडांचीही तपासणी करून घ्या. आणि पुढे लग्न, मूल यांचा विचार असेल तर जोडीदाराची ती कमजोर आवृत्ती तपासता येते, त्यावरून बाळाचा धोका बराच स्पष्ट होतो.

महाराष्ट्रात असाल तर मुंबईचं केईएम हॉस्पिटल केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, तिथून सुरुवात करता येते.

औषध नेमकं काय करतं

आपल्या शरीरात अल्फा-एमएसएच नावाचं १३ अमिनो आम्लांचं एक छोटं हॉर्मोन असतं, ते कातडीतल्या रंगपेशींना मेलॅनिन बनवायला सांगतं. पण ते रक्तात टिकत नाही, काही मिनिटांत तुटतं. अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठातल्या लोकांनी १९८० साली त्या अमिनो आम्लांच्या माळेतले दोन मणी बदलले, चौथ्या जागी मेथिओनिनऐवजी नॉरल्यूसिन आणि सातव्या जागी फेनिलअॅलानिनचं आरशातल्यासारखं उलटं रूप. एवढ्यानेच ते रेणू जास्त टिकाऊ आणि कितीतरी जास्त जोरकस झाले. तेच अफामेलानोटाइड. पुढे मेलबर्नच्या क्लिनुवेल कंपनीने त्याचं १६ मिलिग्रॅमचं इम्प्लांट बनवलं, साधारण १.७ सेंटीमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड, शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये बसवलेलं. गोळी का नाही, तर हे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, पोटात गेलं की पचून जाणार.

यामुळे ऊन न लागताच कातडीत गडद मेलॅनिन वाढतं, ते प्रकाश शोषतं आणि प्रकाशामुळे तयार होणारे त्रासदायक रेणूही निकामी करतं. रक्तातलं प्रोटोपॉर्फिरिन यामुळे कमी होत नाही. पाऊस तेवढाच पडतोय, छत्री मोठी झालीय, एवढंच. त्यामुळे लिव्हरचा धोका होता तसाच राहतो आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

२०१५ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. अमेरिकेतल्या ९४ पेशंटमध्ये सहा महिन्यांत उन्हात विनादुखणं काढलेला वेळ मध्यक धरला तर औषधवाल्यांचा ६९.४ तास आणि नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इम्प्लांट घेतलेल्यांचा ४०.८ तास. युरोपातल्या ७४ जणांत नऊ महिन्यांत ६ तास विरुद्ध ०.८ तास. आकडे बघून कुणाला वाटेल एवढंच? पण ज्या माणसाने जन्मभर उन्हाला घाबरून दिवस काढलेत तो औषध टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानात जाऊन बसत नाही, त्याला आधी स्वतःवर विश्वास बसावा लागतो. माझा भाऊ सुरुवातीला फक्त पार्किंगपासून ऑफिसच्या दारापर्यंत हात खिशात न घालता चालला, आणि आमच्यासाठी तेही खूप होतं.

पायरी दुसरी: इम्प्लांटच्या आधीची तयारी

एक वही करा किंवा फोनमध्ये नोंद ठेवा. रोज किती मिनिटं बाहेर, किती वाजता, आकाश कसं, पहिली मुंगी किती मिनिटांनी आली, दुखलं का, किती दिवस दुखलं, त्यामुळे काय बुडालं. ही वही दोन कामांना येते. इन्शुरन्सला दाखवायला हाच पुरावा असतो, आणि औषध सुरू झाल्यावर फरक पडतोय का हेही याच्यावरूनच कळतं, नाहीतर माणूस अंदाजाने बोलत राहतो. त्यातल्या पहिल्या मुंगीच्या वेळेकडे खास लक्ष द्या. ती मुंगी म्हणजे शरीराचा इशारा आहे, तिथे आत गेलात तर वाचता, पुढे रेटलंत तर पुढचे दोन-तीन दिवस गेले. शिवाय आज ऊन लागलं असेल तर उद्या नेहमीपेक्षा कमी उन्हातही पेटतं, म्हणून सलग दोन दिवस बाहेरचं काम शक्यतो ठेवू नका.

रक्ताच्या तपासण्या: लिव्हर फंक्शन, सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, प्रोटोपॉर्फिरिनची पातळी. या तशाही वर्षातून एकदा करायच्याच. ऊन टाळल्यामुळे डी जवळजवळ सगळ्यांचंच कमी असतं, आणि 'सकाळचं कोवळं ऊन घ्या' हा सल्ला इथे चालत नाही, गोळ्याच घ्याव्या लागतात. लोहाच्या बाबतीत मात्र थांबा. ईपीपीमध्ये थोडा अॅनिमिया आणि कमी फेरिटिन नेहमी दिसतं, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी दिसलं की लगेच लोहाच्या गोळ्या सुरू होतात. काही ईपीपी पेशंटमध्ये लोहाने त्रास वाढलेला आहे, तर एक्स-लिंक्ड प्रकारात लोहाचा फायदा झालेला आहे, म्हणून हा निर्णय पॉर्फिरिया समजणाऱ्या डॉक्टरनेच घ्यायचा. दारू नको, हिपॅटायटिस ए आणि बीची लस घेऊन ठेवा, पित्ताशयात खडे या आजारात सहज होतात तेव्हा उजव्या कुशीत दुखलं तर सोनोग्राफी करा. थोड्याच लोकांत, पाच टक्क्यांहून कमी, लिव्हर खरोखर निकामी होतं, पण ते झालं तर वेगाने होतं.

आणि संपूर्ण अंगाची त्वचातपासणी. औषधाने तीळ आणि वांग गडद होतात, कधी नवे तीळ दिसतात, म्हणून आधीचे तीळ कसे होते याचे फोटो डर्मॅटॉलॉजिस्टकडे असले पाहिजेत. नंतरही वर्षातून दोनदा ही तपासणी करायची असते.

हे इम्प्लांट कुणी घेऊ नये तेही आधीच बघा. युरोपियन मंजुरीत लिव्हर किंवा किडनी बिघडलेल्यांना ते देऊ नये असं आहे, सत्तरीच्या पुढे शिफारस नाही. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा मूल हवं असेल तर आधी बोला, युरोपात बायकांना उपचार चालू असताना आणि नंतर तीन महिने गर्भनिरोधक वापरायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचलेल्या जागी जास्त काळंनिळं होऊ शकतं, ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा.

पायरी तिसरी: सेंटर आणि इन्शुरन्स

युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत ८ ऑक्टोबर २०१९ ला, ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये. सगळीकडे प्रौढ पेशंटसाठी. साधा फॅमिली डॉक्टर हे देत नाही, प्रशिक्षण घेतलेली ठराविक सेंटर्सच देतात. अमेरिकेत ईपीपीची नीट माहिती असलेली जुनी नावं म्हणजे न्यूयॉर्कचं माउंट सायनाय, टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन, युटा विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्कोचं यूसीएसएफ; अमेरिकन पॉर्फिरिया फाउंडेशनला फोन केला तर तुमच्या जवळचं कोण ते सांगतात. युरोपात रॉटरडॅमचं इरॅस्मस आणि झुरिकचं ट्रीमली यांचा अनुभव बराच जुना आहे.

पैशांची गोष्ट मोठी आहे. इंग्लंडमध्ये कुठलं औषध सरकारी खर्चाने द्यायचं ते तपासणाऱ्या नाइस संस्थेच्या कागदपत्रांत एका इम्प्लांटची छापील किंमत १२,०२० पौंड होती, आणि २०२३ मध्ये त्यांनी एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, शिफारस नाकारली. म्हणजे लंडनमधल्या मराठी माणसाला समोरच्या नेदरलँड्समध्ये मिळणारं औषध सरकारी खर्चाने मिळत नाही, आणि हे अन्यायकारक आहे असं मी उघड म्हणते. ज्या आजाराचं दुखणं मोजायचं यंत्र नाही, ज्यात पेशंट घरात बसून राहिला म्हणून 'बरा' दिसतो, त्याला खर्चाच्या तराजूत घालणं कठीणच.

अमेरिकेत इन्शुरन्सची पूर्वमंजुरी लागते, आणि पहिल्या खेपेला नकार आला तर खचू नका, अपील करा. पत्रात डॉक्टरकडून या गोष्टी नक्की लिहून घ्या: प्रोटोपॉर्फिरिनचा आकडा आणि मोकळ्याचं प्रमाण, जीन टेस्टचा निकाल, पहिली मुंगी किती मिनिटांत येते, वर्षात किती दिवस कामाला मुकलात, पूर्वी काय काय करून झालं. आजाराचं नाव अर्धवट लिहू नका, नुसतं 'पॉर्फिरिया' लिहिलं की इन्शुरन्सच्या टेबलामागचा माणूस दुसऱ्याच पॉर्फिरियाचे नियम लावतो. बिलिंगचा कोड जे ७३५२ आहे आणि तो मिलिग्रॅमवर चालतो, एका इम्प्लांटचे १६ युनिट लागतात, तिथे १ लिहिलं गेलं तर बिल अडकतं. आणि ही मंजुरी मुदतीची असते, संपायच्या दीड-दोन महिने आधीच नूतनीकरणाच्या मागे लागा, म्हणजे ऐन उन्हाळ्यात खंड पडत नाही.

पायरी चौथी: इम्प्लांटचा दिवस

अपॉइंटमेंट शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या, जाता-येताच्या उन्हाचा विचार करून. पोटभर नाही पण काहीतरी खाऊन जा. कंबरेवर सैल कपडे घाला, कारण जागा पोटाच्या बाजूला, कंबरेच्या हाडाच्या वर असते. इम्प्लांट फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवलेलं असतं, ते बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ देतात. जागा साफ करतात, हवं असेल तर बधिर करतात (मागून घ्या, उगाच शूरपणा नको), कातडीची चिमट धरून जाड पोकळ सुई तिरकी साधारण दोन सेंटीमीटर आत घालतात आणि कांडी आत सरकवतात. सगळं मिळून काही मिनिटं. मग वरून दाबून कांडी बसलीय ना हे बघतात, ड्रेसिंग लावतात, आणि अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. त्या अर्ध्या तासात घाई करून निघू नका.

ड्रेसिंग एक दिवस ठेवा. तो दिवस आणि पुढचा दिवस मोकळा ठेवला तर उत्तम, कारण मळमळ, डोकेदुखी, थकवा हे बहुधा तेव्हाच येतं. साधारण पाचातल्या एकाला मळमळतं, तितक्याच लोकांना डोकं दुखतं, तितक्याच लोकांना टोचलेल्या जागी दुखणं, काळंनिळं किंवा गडद डाग. भाताची पेज, लिंबू-सरबत, झोप, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. जागा लाल होऊन गरम लागली, पू आला, ताप आला, कांडी बाहेर डोकावली किंवा अंगावर गांधी येऊन श्वासाला त्रास झाला तर लगेच फोन. कांडी काढायला परत जायचं नसतं, ती आपोआप विरघळते.

पायरी पाचवी: पहिले पंधरा दिवस आणि पुढे साठ दिवसांचं चक्र

औषध बहुतेक सगळं पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडतं, रंग मात्र हळूहळू चढतो आणि साधारण दोन महिने काम करतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात परीक्षा घ्यायला बाहेर पडू नका. वही समोर ठेवा, नेहमीच्या हद्दीपासून सुरू करा, मुंगी नाही आली तर दोन-चार दिवसांनी थोडी मिनिटं वाढवा. टोपी, हातमोजे, पूर्ण बाह्या लगेच सोडू नका, औषध चालू असतानाही संरक्षण ठेवायचंच असं मंजुरीच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं आहे. काही जणांना आयुष्यात पहिल्यांदा इतका मोकळेपणा मिळतो की ते भान हरपून उन्हात राहतात आणि मग जबरदस्त फटका बसतो.

अमेरिकेत दर दोन महिन्यांनी एक असा हिशेब आहे. युरोपात २०१४ च्या मंजुरीत वसंत ऋतूपासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत वर्षाला तीन, जास्तीत जास्त चार असं ठरलं होतं. तारखा ठरवताना वर्षाकडे बघा, भारतात लग्नाला यायचंय, मुलांची सुट्टी आहे, तर त्याच्या दोन-तीन आठवडे आधी इम्प्लांट पडेल असं मागून घ्या. इम्प्लांट घेऊन मे महिन्यात नागपूरला येऊन बिनधास्त फिरेन असं मात्र समजू नका.

रंगाबद्दल मोकळेपणाने

हे आपल्या घरांत बोललं जातं म्हणून लिहिते. या औषधाने कातडी गडद होते, तेच त्याचं काम आहे. गोऱ्या युरोपियन माणसाला ते उन्हात रापल्यासारखं दिसतं आणि आवडतं, आपल्याकडे मात्र लग्नाच्या वयाच्या मुलीची आई विचारते की काळी पडेल का हो. हो, थोडी पडेल, तीळ-वांग उठून दिसतील, आणि औषध थांबवलं की रंग हळूहळू उतरेल. मुलीला काय हवंय ते मुलीला विचारा, बाकीच्यांना नाही. दुपारी चार मैत्रिणींबरोबर बाहेर जाता येणं आणि दोन छटा उजळ दिसणं यातलं तिने काय निवडायचं ते ती नीट ठरवू शकते.

नेटवर मिळणाऱ्या मेलॅनोटानला हात लावू नका

अफामेलानोटाइडचं जुनं नाव मेलॅनोटान-१. त्या नावाचा आणि मेलॅनोटान-२ चा फायदा घेऊन टॅनिंगसाठी पावडरच्या बाटल्या, नाकात मारायचे स्प्रे ऑनलाइन विकले जातात. मेलॅनोटान-२ हा वेगळाच रेणू आहे, तो फक्त रंगपेशींवर काम करत नाही, आणि त्याला कुठेही औषध म्हणून टॅनिंगसाठी मान्यता नाही. बाटलीत नक्की काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे का, कशाचाच भरवसा नाही. इम्प्लांट महाग आहे, मिळत नाही, मग हे स्वस्तात घेऊ असा विचार दुखण्याने पिचलेल्या माणसाच्या मनात येणं मी समजू शकते, पण करू नका.

भारतात राहणाऱ्यांनी आज काय करायचं

इथे हे इम्प्लांट केमिस्टकडे मिळत नाही. कायद्यात स्वतःच्या वापरासाठी थोडं औषध परदेशातून आणायची सोय आहे, डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनसह फॉर्म १२ए भरून सीडीएससीओकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेकडून, १२बीचा परवाना घ्यायचा. पण परवाना म्हणजे औषध नव्हे, किंमत, फ्रीजमधून वाहतूक, टोचायला शिकलेला डॉक्टर हे सगळं त्यानंतर येतं. म्हणून बहुतेकांसाठी खरं काम संरक्षणाचंच आहे, आणि ते नीट केलं तर आयुष्य पुष्कळ सुसह्य होतं.

कापड घट्ट विणीचं आणि गडद रंगाचं घ्या, दिव्यासमोर धरून बघा, उजेड आरपार दिसला तर ते कापड नको. टू-व्हीलरवर हाताच्या पाठी सगळ्यात आधी भाजतात, तेव्हा पूर्ण बोटांचे जाड हातमोजे, गडद स्कार्फ, फुल व्हायझर. चेहऱ्याला पारदर्शक जेल-सनस्क्रीन नको, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं पांढरं दिसणारं, किंवा आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, जे आपल्या सावळ्या रंगात मिसळूनही जातं. घरात आणि ऑफिसात खिडकीजवळची जागा सोडा, जाड पडदे लावा, किंवा पिवळसर फिल्म लावा, रंगहीन यूव्ही फिल्मने हा प्रकाश अडत नाही. गाडीच्या काचांना फिल्म लावायला २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून अडचण आहे, तेव्हा डॉक्टरचं पत्र घेऊन आरटीओत विचारा, तोवर आतून कापड आणि हातमोजे.

मुलांसाठी शाळेला लेखी पत्र द्या, तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षीच्या बाईंना माहीत नसतं. पत्रात आजाराचं नाव, 'दुखणं दिसत नाही पण खरं असतं' हे एक वाक्य, परिपाठ आणि पीटी सावलीत किंवा वर्गात, बसायची जागा खिडकीपासून लांब, आणि मुलाने स्वतः 'मला आत जायचंय' म्हटलं की परवानगीची वाट न बघता जाऊ द्यायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

अटॅक आलाच तर अंधारी गार खोली, पंखा, ओलं फडकं, थंड पाणी. बर्फ थेट कातडीवर घासू नका. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारसं काही करत नाहीत, म्हणून डोस वाढवत नेऊ नका, तेवढा लिव्हरला ताप.

आणखी दोन औषधांची नावं लक्षात ठेवा, डॉक्टरला विचारायला. डेर्सिमेलागॉन, हे त्याच रंगपेशींच्या स्विचवर काम करतं पण गोळीच्या रूपात, आणि बिटोपर्टिन, जे शरीरात प्रोटोपॉर्फिरिन तयार होणंच कमी करायला बघतं. दोन्हींच्या पेशंटवर चाचण्या झालेल्या आहेत.

शेवटचं काम आजच करून टाका. एक छोटं कार्ड बनवा, पाकिटात आणि फोनच्या कव्हरमागे ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत: ईपीपी आहे, ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांनी कातडी आणि आतले अवयव भाजू शकतात, पिवळे फिल्टर लावा किंवा दिवे शक्य तितके कमी ठेवा, लोह विचारल्याशिवाय नको, लिव्हरवर ताण आणणारी औषधंही विचारल्याशिवाय नको, शेवटचं इम्प्लांट अमुक तारखेला. खाली घरच्यांचा आणि तुमच्या डॉक्टरचा फोन नंबर. अपघातात बेशुद्ध माणूस स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही, तेव्हा हे कार्ड घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.